मुलांची पाकिटे आणि थापणमोसा



संवत्सरी झाली, खमतखामणा झाली, पारणी झाली. आता नवरात्र आणि मग दिवाळी. वर्षभरात आपल्या मुलांच्या हातात सगळ्यात जास्त पैसा येतो तो याच दिवसांत. नऊ वर्षांच्या पोराने पहिल्यांदा तेला केला तर शाता विचारायला सगळे नातेवाईक येतात. काकीचे पाकीट, भुवाचे पाकीट, आजोळहून चांदीचे नाणे आणि वर रोख. अठाई केली तर विचारूच नका. पुढे दिवाळीत पाया पडण्याचे शंभर-दोनशे, भाऊबीजेचे, वाढदिवसाचे. गेल्या वर्षी मी आमच्या धाकट्या नातीचे सगळे मांडून ठेवले. बारा महिन्यांत ११,३५० रुपये झाले. आमचे साधे किराणा-भुसाराचे दुकान आहे, आम्ही काही मोठे शेठ नाही. तरी एवढे.

हा पैसा जातो कुठे?

कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. मुलाच्या हातातले पाकीट आईच्या हातात येते. "मी ठेवते हं नीट." तिथून ते कपाटात साडीच्या घडीखाली जाते. तिथून आठवडाभरात दूधवाल्याकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पारण्याच्या पाकिटात, नाहीतर सरळ दुकानाच्या गल्ल्यात. मूल चार दिवस विचारते, मग विसरते. विसरले नाही तर आपण म्हणतो, "तुझ्याच शाळेची फी भरली ना त्यातून!"

माझे म्हणणे असे आहे की तो पैसा मुलाचा आहे. तो मुलाच्या नावाच्या बँक खात्यात गेला पाहिजे, दहा वर्षे पूर्ण झाली की ते खाते मुलाच्या स्वतःच्या सहीने चालले पाहिजे, आणि घरातल्या कोणीही, बापानेसुद्धा, न विचारता त्याला हात लावता कामा नये. हे बोलले की घरात भांडण होते. ते भांडण कसे होते तेही पुढे सांगते.

आपण रोज नाही तर पक्खीला तरी प्रतिक्रमण करतो. दुसऱ्या व्रतात पाच मोठी खोटी येतात. मुलीच्या संबंधात बोललेले खोटे, गुराढोरांच्या व्यवहारातले, जमिनीच्या व्यवहारातले, मग थापणमोसा आणि शेवटी खोटी साक्ष. थापण म्हणजे कोणी विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ठेव. ती दाबणे म्हणजे थापणमोसा. तत्त्वार्थसूत्रात याच दोषाला न्यासापहार म्हटले आहे आणि तिथेही तो सत्यव्रताच्या अतिचारांतच आहे. मी कॉमर्सची, मला कित्येक वर्षे वाटायचे की ठेव बुडवणे ही तर सरळ चोरी. मग ती तिसऱ्या व्रतात, अदत्तादानात, का घातली नाही? आता वाटते की आचार्यांना माणूस चांगला कळला होता. ठेव बुडते तिची सुरुवात चोरीने होत नाही, बोलण्याने होते. "मी ठेवते हं नीट." हे वाक्य म्हणताना आपल्यालाही ते खरेच वाटत असते. नोट खर्च झाली की ते खोटे होते.

आपण मिच्छामि दुक्कडम् म्हणताना डोळ्यांसमोर कोणाची थापण आणतो? एखाद्या सावकाराची, जुन्या काळच्या एखाद्या विधवेच्या दागिन्यांची. कपाटातल्या पाकिटाची कोणी आणत नाही.

यावर माझ्या जावेचे म्हणणे ऐका, कारण ते अगदीच चुकीचे नाही. ती म्हणते, हा पैसा मुलाचा नाहीच, हा व्यवहार आहे. आपण त्यांच्या मुलाच्या अठाईला पाचशे एक दिले, म्हणून त्यांनी आपल्या मुलाला दिले. आपल्या खिशातून गेलेले आपल्याच खिशात आले. मूल फक्त मधले.

यात तथ्य आहे. आपल्याकडे घरोघर लेनदेनाची वही असते आणि ती वही नसती तर निम्म्या सासवांची झोप उडाली असती. पण मुलाने तीन दिवस गरम पाण्यावर काढले, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा चेहरा उतरला होता आणि त्याला उत्साह यावा म्हणून कोणी त्याच्या हातात पाकीट दिले. ते देणाऱ्याने त्याच्या हातात दिले, आपल्या नाही. परतीचे पाकीट हा घराचा खर्च आहे, तो घराने करावा. लग्नातला आहेर आपण सुनेच्या आहेरातून फेडतो का? (काही घरांत फेडतात, तो विषय वेगळा.) आमच्या घरी मी नियम केला आहे. ज्या पाकिटावर मुलाचे नाव ते मुलाचे, ज्यावर घराचे नाव ते घराचे. लेनदेनाच्या वहीत दोन्ही लिहायचे, पण रक्कम मिसळायची नाही.

आता कायद्याकडे येते. बालकाच्या नावाच्या खात्यातला पैसा बालकाचा असतो, पालक तो फक्त सांभाळतो. दुकान आणि पेढीची दोन खाती आपण वेगळी ठेवतो, कारण दोघांचे धनी वेगळे. इथेही तसेच. पालकाची सही चालते म्हणून पालक धनी होत नाही.

ही सही कोणाची, हाही एक मोठा विषय आहे आणि तो आपला, बायकांचा आहे. माझ्या पुतणसुनेला मध्ये एका बँकेत सांगण्यात आले की मुलाचे खाते उघडायला वडिलांना पाठवा. ती परत आली. तिने परत यायला नको होते. आई पालक म्हणून मुलाचे बचत खाते उघडू शकते, असे रिझर्व्ह बँकेने १९७६ च्या डिसेंबरातच बँकांना कळवले आहे. तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे ही सवलत आज आजी झालेल्या आपल्या पिढीइतकी जुनी आहे आणि काउंटरवर अजून "मिस्टर आलेत का?" असे विचारतात.

पण गंमत पुढे आहे. १९८४ साली गीता हरिहरन या लेखिकेने आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईची सही होती आणि वडिलांचीही त्याला संमती होती. बँकेने अर्ज परत पाठवला. एक तर वडिलांची सही आणा, नाहीतर आईला पालक नेमल्याचा दाखला आणा. रिझर्व्ह बँकच ती! कारण १९५६ च्या कायद्यात लिहिले होते की मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. 'नंतर' म्हणजे वडील गेल्यावर, असा सगळे अर्थ घेत. बाई कोर्टात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'नंतर' म्हणजे मृत्यूनंतर असे नव्हे, तर वडिलांच्या अनुपस्थितीत. म्हणजे वडील मुलाचे पाहत नसतील, दूर असतील, आजारी असतील किंवा दोघांनी ठरवून हे काम आईकडे दिले असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक. त्या कायद्याचे नाव हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा असे असले तरी तो आपल्या जैनांनाही लागू आहे, म्हणून हे इतके लांब सांगितले. एका 'नंतर' या शब्दासाठी पंधरा वर्षे. गीताबाई लढल्या नसत्या तर आपण अजून दुकान बंद व्हायची वाट पाहत बसलो असतो, साहेबांची सही घ्यायला.

तेव्हा मुलाचे खाते उघडायला जाताना जन्मदाखला, मुलाचे आधार, फोटो आणि तुमचे स्वतःचे आधार-पॅन घेऊन तुम्ही स्वतः जा. आणि एक गोष्ट जपा, जी फॉर्म भरताना सहज निसटते. खात्याला मोबाइल नंबर कोणाचा लावता? दुकानाचा नंबर लावला तर पैसे जमा झाल्याचा मेसेज दुकानात वाजतो आणि ओटीपीही दुकानातच येतो. मग पासबुक कपाटात असूनही खाते दुकानाचे होते. नंबर आईचा लावा.

आता भांडण.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुकानात सीझन. साखर, रवा, मैदा, डाळी, तेल, सगळा माल भरायचा असतो आणि घाऊकवाले त्या दिवसांत उधारी देत नाहीत. रात्री जेवताना माझा मोठा मुलगा सहज म्हणाला, "पोरीच्या खात्यात अडतीस हजार नुसते पडलेत. उद्या काढतो. भाऊबीजेपर्यंत परत टाकतो." ते खाते तेव्हा त्याच्याच सहीने चालत होते. पैसे काढायला त्याला कोणाला विचारायची गरज नव्हती, त्याने जेवताना सांगितले हेच खरे तर खूप.

मी म्हटले, "तिला विचार."

"मम्मी, आठ वर्षांची आहे ती."

"अठाईला ती आठ वर्षांची नव्हती का?" (तिने त्या वर्षी अठाई नाही, तेला केला होता, पण भांडणात आकडे असेच वाढतात.)

सून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मम्मी, घरचाच पैसा ना. घर काय वेगळं आहे?" ती चांगली मुलगी आहे. तिच्या माहेरी तिच्या नावाने किती होते आणि त्याचे काय झाले, हे मला माहीत आहे आणि तिलाही. म्हणून मी तिला उत्तर दिले नाही.

पोरगी ताट पुढे घेऊन ऐकत होती. मुलाने शेवटी विचारले तिला, जरा हसतच. ती म्हणाली, "कधी देणार परत? लिहून देता का?" आता ही वाक्ये ती दुकानातच शिकली आहे, रोज तिचे पप्पा गिऱ्हाइकाला हेच विचारतात. पण त्याला ते लागले. "एवढ्यासाठी आता पोरीला चिठ्ठी लिहून देऊ?" म्हणून तो उठला. पैसे त्याने दुसरीकडून आणले, त्याचे व्याजही भरले आणि मला ते व्याज किती पडले हे दोनदा ऐकवले. आठवडाभर घरात धुसफूस होती. यांनी माझी बाजू घेतली नाही, त्याचीही घेतली नाही, वर्तमानपत्र वाचले.

मी आजही म्हणते की त्याने चिठ्ठी लिहून द्यायला हवी होती. पैसे घ्यायला माझी हरकत नव्हती. घरावर वेळ आली तर मुलाचा पैसाही घरालाच लागतो, हे मलाही कळते. पण उसने आणि घेतलेले यात फरक आहे आणि तो फरक फक्त विचारण्याचा आहे. मुलीने हो म्हटले असते तर ते दिलेले झाले असते. न विचारता काढले असते तर अदत्त.

यंदा ती दहाची झाली. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला नवे परिपत्रक काढले आहे. कोणत्याही वयाच्या बालकाचे बचत खाते किंवा मुदत ठेव पालकामार्फत उघडता येते, आईमार्फतही, हे त्यात पुन्हा स्पष्ट आहे. आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला हवे तर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने खाते उघडून चालवता येते. किती रकमेपर्यंत, एटीएम कार्ड किंवा चेकबुक द्यायचे की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. खात्यात नसलेला पैसा मात्र काढता येत नाही, उधारी नाही. बँकांनी १ जुलैपर्यंत आपले नियम याप्रमाणे करायचे होते. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना स्वतः खाते चालवायची मोकळीक तशी २०१४ पासूनच होती, स्टेट बँकेचे 'पहली उडान' खाते त्यातलेच. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते मिळते, पाचशे रुपयांत. आपल्या गावात बँकेत रांग असते, पोस्टात जरा निवांत असते.

आमच्या नातीने दोन दिवस दुकानाच्या जुन्या वहीच्या पाठीमागे सह्या गिरवल्या. आधी खाली दोन रेघा आणि एक टिंब असलेली, तिच्या पप्पांसारखी. बँकेतल्या मॅडमने तिला समजावले, बाळा, सही दर वेळी हीच यायला हवी, सोपी कर. मग तिने नुसते नाव लिहिले, शाळेच्या वहीवर लिहिते तसे. पहिल्यांदा तिने काढले ३४० रुपये. कशाला, तर ते रंगीत चिकट गोळे मिळतात, ज्याला ही मुले स्लाइम म्हणतात, त्याचा डबा. चार दिवसांत तो वाळला. मला अजिबात पटले नाही आणि मी तोंड बंद ठेवले. थापण परत करताना मालकाने तिचे काय करावे हे ठेवणाऱ्याने सांगायचे नसते.

हिशेब मात्र मी तिला शिकवते. एका छोट्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, महिन्याच्या शेवटी पासबुकाशी जुळवायचे. बँकेचे व्याज तिमाहीला पडते ते तिला आधी कळलेच नाही. "हे कोणी दिले?" म्हणून विचारत होती. बचत खात्याचे व्याज अडीच-तीन टक्के, फार काही नाही, पण कोणाच्याही पाया न पडता आलेला तो तिचा पहिला पैसा.

आता उलट बाजू, तिच्यावर आपण कमी बोलतो. मुलाचा पैसा घरात घेणे जसे चूक, तसे घरचा पैसा मुलाच्या नावावर लपवणेही चूकच. आपल्या समाजात हे फार. "पोराच्या नावावर टाकून दे, टॅक्स लागत नाही." लागतो, भाऊसाहेब, लागतो. बालकाच्या नावावरच्या ठेवीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने कमावले असेल तेवढेच वेगळे. म्हणजे यात टॅक्स वाचत नाही, फक्त मुलाच्या नावाने एक खोटे उभे राहते. दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत न्यासापहाराच्या शेजारीच कूटलेख आहे, खोटे लिखाण. शेजारी का आहे ते पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको.

तीच गोष्ट पतसंस्थेची. एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून मुलांच्या ठेवी तिकडे टाकतात. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत देते. तो विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. स्वतःचा पैसा कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा. मुलाची थापण जोखमीत घालू नका.

आणि मेलेली खाती. आठवते, २०१७ च्या सुमारास सरकारी शाळांतल्या मुलांना गणवेश देण्याऐवजी गणवेशाचे पैसे आई आणि मूल यांच्या संयुक्त खात्यात द्यायचे ठरले? दोन गणवेशांचे ४०० रुपये. आणि खाते उघडायला बँका पाचशे-हजार भरायला सांगत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईने सरळ विचारले होते, "चारशेसाठी पाचशे कुठून आणू?" बरोबर होते तिचे. आपल्या मुलांचेही फार वेगळे नाही. २०१४ साली केंद्राने जैनांना अल्पसंख्याक म्हटले आणि शिष्यवृत्तीसाठी किती जणींनी धावपळ करून मुलांची खाती उघडली! पुढे पहिली ते आठवीची ती शिष्यवृत्ती बंद झाली. ती पासबुके आता कुठे आहेत? ही खाती मुलासाठी नव्हती, फॉर्मसाठी होती. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे तसेच राहिले की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही, मागितल्यावर मिळते, पण मागणार कोण? २०२३ पासून उद्गम नावाचे संकेतस्थळ आहे, त्यावर नाव टाकून शोधता येते. मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत शोधतात.

आमच्या महासतीजींपुढे एकदा मी हा विषय काढला तेव्हा शेजारच्या एका भाभीने विचारले, अपरिग्रहाचा धर्म आपला, दहा वर्षांच्या लेकराला पैशाची चटक कशाला लावायची? प्रश्न चांगला आहे. पण श्रावकाच्या पाचव्या व्रताचे नाव परिग्रह परिमाण आहे. परिमाण म्हणजे मर्यादा. रोख किती, धान्य किती, सोने-चांदी किती, याची मर्यादा बांधायची. स्वतःचे किती हे ज्याला माहीतच नाही तो मर्यादा कशावर बांधणार? आपल्यातल्या कित्येक जणी दर वर्षी ही मर्यादा घेतात आणि आकडा यजमानांना विचारून सांगतात. माझ्या सासूबाई ऐंशीव्या वर्षापर्यंत तसेच करत. त्यांना आकड्याचा लोभ नव्हता असे म्हणतात. त्यांना आकडाच माहीत नव्हता. याला मी अपरिग्रह म्हणत नाही.

दानाचेही तसेच. पांजरपोळच्या पेटीत आपण मुलाच्या हातात नोट देऊन टाकायला लावतो आणि म्हणतो, बघा किती दानशूर. ती नोट त्याची नव्हती. त्याने काही सोडले नाही.

मुलींबद्दल थोडे जास्त सांगायचे आहे. मुलाचे खाते घरात मिसळले तरी मोठा झाल्यावर दुकानच त्याचे होते, त्याला काही कमी पडत नाही. मुलीचे मिसळले ते गेलेच. सुकन्या समृद्धी २०१५ पासून आहे, ती आपल्या घरांत चांगली रुजली आहे. दहा वर्षांच्या आत उघडा, पंधरा वर्षे भरा, एकवीस वर्षांनी मिळते, वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख. उघडाच. पण तिचे आईबाप भरतात आणि ते दूरचे आहे. आणि मुलगी अठरा झाल्यावर मुदतीआधी ते बंद करायला लग्न हे कारण चालते, त्यामुळे आपण सगळ्याच जणी ते मनात लग्नखाते म्हणून धरून चाललो आहोत. मी म्हणते ते त्याच्याशिवाय वेगळे, छोटे, तिच्या सहीचे खाते. ज्यातून ती ३४० रुपये चुकीच्या गोष्टीवर घालवू शकते.

आपले केडगाव (नगरचे नव्हे, दौंडचे) बाहेरच्यांना माहीत आहे ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. दुष्काळात वाचवून आणलेल्या मुली-बायकांना त्यांनी इथे लिहायला-वाचायला आणि हाताला काम करायला शिकवले. त्यांचा धर्म आपला नाही आणि त्या चर्चेत मला पडायचे नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या माळरानावर एका बाईला जे कळले, की पोरीच्या हाताला तिचे स्वतःचे काही हवे, ते स्टेशनच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला कळायला काय हरकत आहे?

अठरा पूर्ण झाली की पालकाची सही संपते. मुलाने किंवा मुलीने बँकेत जाऊन नव्याने सही द्यावी लागते, कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. आपल्याकडची मुले बारावीनंतर पुण्याला जातात, होस्टेलला राहतात आणि फी भरायच्या दिवशी कळते की खाते अडले आहे. बारावीच्या सुट्टीतच हे उरकून घ्या. आणि त्या दिवशी पासबुक तिच्या हातात द्या, सगळी जुनी पाने दाखवून द्या. मधल्या एखाद्या पानावर तुम्ही काढलेली रक्कम असेल तर तीही दाखवा.

येत्या रविवारी सामायिकानंतर मी स्थानकात अर्धा तास थांबणार आहे. ज्यांच्या घरी मुलांची जुनी पासबुके पडली आहेत त्यांनी ती घेऊन या. बँकेने काही मागितले आहे का, खाते चालू आहे का, सही कोणाची आहे, एवढे पाहून देईन. आधार, एटीएम, पिन यातले काहीही आणू नका, फॉर्म बँकेतच भरायचे आहेत. आणि पाकिटे अजून कपाटात असतील तर ती मोजून, मुलाला रक्कम सांगून, मग बँकेत.